तेलातली चमक

जरीपटका, नागपूर
८ सप्टेंबर २०२५

दादा, जयभीम.

सोबत एक बाटली आहे. वहिनीला आधीच सांगून ठेव की बाटली खोकल्याच्या औषधाची असली तरी आत औषध नाही, तेल आहे. मागे तिने आयोडेक्स समजून ग्रीस चोळलं होतं, ते मी विसरले नाही.

फोन का केला नाही म्हणून चिडू नको. मी बोलते, वहिनी ऐकते, मग ती तुझ्या कानात ओरडते, आणि तुझं उत्तर येईपर्यंत उमरेडच्या अर्ध्या गल्लीला कळतं की प्रेमिलाचं काहीतरी बिनसलं आहे. खाणीच्या वर्कशॉपने तुझे कान घेतले, पण हात आणि डोळे ठेवलेत. म्हणून लिहिते. बस कंडक्टर पिंटूच्या हाती पाकीट आणि बाटली दिली आहे, उत्तरही त्याच्याच हाती दे.

तलावावरची वॉटर स्कूटर तू पाहिलीच आहेस. मधुकररावांनी बोटिंगचा ठेका घेतला तेव्हा कुठून तरी जुनी आणलेली, पाण्यावर मोटारसायकलसारखी पळणारी. मी खिडकीत बसून तिकिटं फाडते आणि आमच्या सोनिकाचे बाबा ती चालवतात, पुढ्यात किंवा मागे गिऱ्हाईक बसवून तलावाला एक चक्कर. शनिवारी त्यांनी तिचं तेल बदललं. जुनं तेल घमेल्यात होतं, वर ऊन पडलं होतं. रांगोळीत चमकी मिसळावी तशी त्यात चमक दिसली.

मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "काही नाही वं, जुनं मशीन हाय, झिजते थोडंफार." आणि घमेलं उचलून आडोशाला ठेवून आले. पण मी तुझी बहीण आहे. तू ड्यूटीवरून येऊन डंपरच्या तेलाचा थेंब कागदावर टाकायचास आणि खिडकीशी धरून बघत बसायचास, जेवण थंड व्हायचं, हे पाहतच मी मोठी झाले. घरून वाटी आणली, तेल काढून घेतलं.

नीट पाहून सांग, काय झिजतंय. आणि आणखी एक. तेल असं झालं असेल तर इंजिन चालता चालता एकदम जाम होऊन माणसाला पाण्यात फेकून देऊ शकतं का? सहज विचारते.

तुझी,
प्रेमिला

*

उमरेड
११ सप्टेंबर २०२५

प्रेमिला,

बाटली मिळाली. वहिनीने वास घेतला, आणि आता ती तुझ्यावर रागावली आहे.

तेल पेट्रोलमध्ये धुतलं, टिपकागदातून गाळलं, कागद वाळवला आणि खालून लोहचुंबक फिरवलं. लांब लांब, जिलबीसारखी वळलेली तार वर उभी राहिली. मी हसलो. इंजिन अशा जिलब्या पाडत नाही, बाई. इंजिन झिजलं की भुकटी देतं नाहीतर पापुद्रे देतं. ही तार घासणीची आहे. तुझी वाटी तू तारेच्या घासणीने खरवडतेस, तिचे तुकडे वाटीला चिकटलेले असतात, तेच तेलात उतरले. चाळीस डंपरचं तेल पाहिलेल्या माणसाला तू भांड्याची घासणी तपासायला पाठवलीस.

तारेखेरीज थोडी बारीक भुकटी होती, पण ती माझ्या चष्म्याच्या आवाक्यात येत नाही. जुन्या मशीनमध्ये तेवढी असतेच. जावईबापू बरोबर म्हणाले.

इंजिन जाम होऊन माणसाला फेकतं का? फेकू शकतं. पण त्याआधी ते आवाज करतं, ठोकतं, गरम होतं. तुमच्या स्कूटरने असं काही केलं का? केलं नसेल तर चालवा निर्धास्त. आणि वाटी राखेने घासत जा.

तुझा,
भैय्याजी

*

जरीपटका
२२ सप्टेंबर २०२५

दादा,

घासणीचं खरं आहे. वाटी उन्हात धरली तर कडेला तुकडे दिसले. पण माझं समाधान झालं नाही. तू चष्म्याच्या आवाक्याबाहेरचं सोडून दिलंस, हे तुला शोभत नाही. डंपरचं असतं तर सोडलं असतंस का?

म्हणून पुन्हा पाठवते. या वेळी वाटी नाही, काही नाही. काचेची बाटली पाण्यात उकळली, उन्हात वाळवली. डॉक्टरकडून सुई नसलेली नवी पिचकारी आणली, तिला सलाईनची नळी लावली आणि तेल मोजायच्या पट्टीच्या भोकातून थेट इंजिनातलं तेल ओढलं. हे नवं तेल आहे, दोन आठवडेच झाले टाकून. चमक तरी आहेच. आणि रंग बघ, दुधाचा हात आखडून केलेल्या चहासारखा.

ते मागे उभे होते. म्हणाले, "प्रेमिला, काहून त्या तेलाच्या मागं लागली वं? मधुकररावले कळलं तर मशीन बंद ठेवतीन." मी म्हटलं, बंद ठेवली तर ठेवली. ऑगस्टच्या शेवटी एकदा ते नखशिखांत भिजून आले होते. मी विचारलं तर म्हणाले, शिंगाड्याच्या वेली मशीनच्या पंपात अडकल्या होत्या, काढायला पाण्यात उतरलो. वेली त्या बाजूला आहेत खऱ्या. तुला कळावं म्हणून सांगते, बाकी काही नाही.

मशीन ठोकत नाही, ओरडत नाही. निदान मला खिडकीतून ऐकू येत नाही.

प्रेमिला

*

उमरेड
२५ सप्टेंबर २०२५

प्रेमिला,

माझं चुकलं. घासणी सापडली तेव्हा मी तिथेच थांबलो. एक कारण मिळालं की दुसरं शोधायचं नाही, ही सवय वर्कशॉपमध्ये मी पोरांना मोडायला सांगायचो.

आता नीट ऐक. तुझ्या वहिनीच्या तव्यावर तेलाचा थेंब टाकला. (तवा तापलेला होता, भाकरी व्हायची होती, पुढचं काही लिहीत नाही.) थेंब तडतडला. म्हणजे तेलात पाणी आहे. मग शेजाऱ्याकडून भिंग आणलं. कागदावर पापुद्रे आहेत, चुंबक लावलं तर हलत नाहीत, नखाने दाबलं तर वाकतात. हा बेअरिंगचा मऊ धातू. इंजिनाचा दांडा ज्या वाट्यांत फिरतो त्या वाट्यांचा वरचा थर सोलून निघाला आहे.

हा थर वयाने झिजतो तेव्हा पीठ होतं. पापुद्रे निघतात ते तेल नसताना इंजिन फिरलं तर. आणि तेल तर भरलेलं होतं. मग इंजिनाला तेल कधी मिळत नाही? मशीन उलटी झाली तर. तेल तळातून वर जातं, बेअरिंग कोरडी पडतात, आणि पाणी शिरतं ते वेगळंच. तुझी स्कूटर पाण्यात उलटी पडली होती आणि उलटी असताना चालू होती.

हे व्हायला नको, कारण तिला ती लाल दोरी आहे. एक टोक बटणात, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटात. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद. दोरी बटणात नसेल तर मशीन सुरूच होत नाही. पण मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा पाहिलं होतं, ती दोरी हँडललाच गाठ मारून बांधलेली होती. गिऱ्हाइकाचा धक्का लागून सारखी निघते म्हणून. तशी बांधली की माणूस पडला तरी मशीन चालूच राहते.

जावईबापूंना विचार, मशीन कधी उलटली आणि का. ते वीस वर्षं पाण्यावर आहेत, शांत पाण्यात मशीन उलटवणारा हा माणूस नाही. तोवर ती पाण्यात घालू नका.

भैय्याजी

*

तलाव
२८ सप्टेंबर २०२५

आदरणीय भैय्याजी, सविनय जयभीम.

तुमचं २५ तारखेचं पत्र परत पाठवत आहे. पिंटूने ते प्रेमिलाऐवजी माझ्या हातात दिलं. मी उघडलं. उघडायला नको होतं, पण उघडलं. तिने वाचलेलं नाही.

तुम्ही जे लिहिलं ते खरं आहे. सकाळची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं, मशीन गरम करायला एक चक्कर मारत होतो. डोळ्यांसमोर पांढरं झालं. त्यानंतरचं आठवतं ते मी पाण्यात उताणा आहे आणि मशीन बाजूला उलटी पडून घुरघुरत आहे. जॅकेट होतं म्हणून वर राहिलो. उन्हाळ्यातही एकदा जेवताना हात आपोआप उडत होता. पाण्यात पडल्यावर मात्र डॉक्टरला दाखवलं. फिट येतात म्हणाले. गोळ्या दिल्या, आणि पाण्यापासून, गाडीपासून, उंचावरून लांब राहायला सांगितलं. गोळ्या मी नेमाने घेतो. तेव्हापासून काही झालं नाही.

भैय्याजी, मी आधी ऑटो चालवला, मग गोदामात पोती उचलली. कुठेही कोणाला माझं नाव माहीत नव्हतं. इथे पोरं काठावरून हाक मारतात, नागसेन काका, माझा नंबर कधी. सोनिका शाळेत सांगते, माझे बाबा पाण्यावर गाडी चालवतात. हे मधुकररावांना कळलं तर मी उद्यापासून पॅडल बोटी पुसत बसेन. प्रेमिलाला कळलं तर ती मला आंघोळीलाही एकटं जाऊ देणार नाही.

तुम्ही मोठे आहात. एवढं करा, तिला दुसरं पत्र लिहा. मशीनचं सांगा, माझं सांगू नका. थंडी सरेपर्यंत राहू द्या, मग मीच सोडतो.

आपला,
नागसेन

*

उमरेड
१ ऑक्टोबर २०२५

जावईबापू,

पत्र तलावाच्या पत्त्यावर पाठवतोय, तुमच्याच नावाने.

दोन दिवस काही सुचलं नाही. मला ऐकू येईना झालं तेव्हा साहेबांनी इंजिनांवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं. नट-बोल्ट मोजायला. रिटायर होईपर्यंत मी त्या खिडकीतून दुसऱ्यांना इंजिन उघडताना पाहिलं. म्हणून तुमचं म्हणणं मला कळतं, नको इतकं कळतं.

शब्द देतो. प्रेमिलाला सांगणार नाही. पण मशीन चालवू नका, आणि चालवावीच लागली तर दोरी मनगटात बांधा. मी तिला असं लिहितो की मशीन बंदच राहील. मशीन बंद राहिली तर कोणाला काही सांगायची गरज पडणार नाही.

भैय्याजी

*

उमरेड
३ ऑक्टोबर २०२५

प्रेमिला,

उत्तराला उशीर झाला. तब्येत ठीक नव्हती. काल दीक्षाभूमीवर फार गर्दी होती, तुम्ही कुठे दिसला नाहीत.

तेल तपासलं. इंजिनाच्या बेअरिंग गेल्या आहेत. मशीन जुनी आहे, असं होतं. ती आता चालवण्यालायक नाही. मधुकररावांना स्पष्ट सांग की इंजिन संपलं आहे, दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

सगळ्यांना जयभीम.

भैय्याजी

*

जरीपटका
१६ ऑक्टोबर २०२५

दादा,

तुझं पत्र मधुकररावांना दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी केली, खिशात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी लकडगंजहून मिस्त्री आणला. इंजिन उघडलं. बेअरिंग खरंच सोलून निघाल्या होत्या, तू म्हणालास तशाच. मिस्त्रीने त्या बदलल्या, दांडा घासून गुळगुळीत केला, तेलाची वाट धुतली. रविवारपासून स्कूटर पुन्हा पाण्यात आहे. दिवाळीच्या सुट्या लागल्यात, पोरांची रांग खिडकीपासून फाटकापर्यंत जाते. मधुकरराव म्हणाले, "तुमच्या भैय्याजीनं रोग बरोबर ओळखला, पण पेशंटले उगाच मेलेला सांगितलं."

सोनिकाचे बाबा खूश आहेत. दोरी आता मनगटात बांधतात. मी न सांगता. मी विचारलं, आजच कशी आठवण झाली? म्हणाले, "नियम हाय."

बाटली पाठवते आहे, तीच उकळलेली. तेल पाहून घे. आणि दादा, तुला मला आणखी काही सांगायचं आहे का? असेल तर लिही.

प्रेमिला

*

उमरेड
१९ ऑक्टोबर २०२५

प्रेमिला,

तेल स्वच्छ आहे. तव्यावर तडतडलं नाही, कागदावर काही उरलं नाही. मिस्त्रीने काम चांगलं केलं.

नव्या बेअरिंगला सुरुवातीला फार ताण नको. हळू चालवावी, एकट्यानेच चालवावी, शक्यतो लहान मुलं पुढे बसवू नयेत. इंजिन मुरायला वेळ लागतो. जावईबापूंना हे दाखव.

बाकी सांगण्यासारखं काही नाही.

भैय्याजी

*

जरीपटका
२९ ऑक्टोबर २०२५

दादा,

तू लिहिलं ते त्यांना दाखवलं. मधुकररावांनी हसण्यावारी नेलं. सुट्यांत पोरं नाही बसवायची तर काय बगळे बसवायचे, म्हणाले. तेव्हा पोरं बसताहेत, आणि मशीन मस्त चालते आहे. इंजिन मुरलं असणार.

एक आनंदाची गोष्ट. सोनिका कधीची हट्ट धरून बसली होती. या रविवारी तिचा वाढदिवस आहे, अकरा पूर्ण. बाबांच्या पुढ्यात बसून आख्ख्या तलावाची मोठी चक्कर मारणार आहे, पार पलीकडच्या बांधापर्यंत, जिथे पाणी खोल आहे. मैत्रिणींना काठावर बोलावलं आहे. तिला पोहता येत नाही, पण बाबा असल्यावर काय, म्हणते.

वहिनीला सांग, वाढदिवसाला खीर करते आहे.

प्रेमिला

*

उमरेड
३१ ऑक्टोबर २०२५

प्रेमिला,

सोनिकाला त्या मशीनवर बसवू नको. हे पत्र वाचशील त्या क्षणी तिला सांग आणि तिने रडून घर डोक्यावर घेतलं तरी ऐकू नको.

जावईबापूंना फिट येतात. ऑगस्टमध्ये ते पाण्यात पडले ते वेलींमुळे नाही, त्यांची शुद्ध गेली होती. मशीन उलटी होऊन चालत राहिली, त्याने बेअरिंग गेल्या. डॉक्टरांनी त्यांना पाण्यावर जायला मनाई केली आहे. हे मी तुला २५ सप्टेंबरला अर्धं लिहिलं होतं, ते पत्र त्यांच्या हाती पडलं, आणि बाकीचं त्यांनी मला लिहून कळवलं. मी शब्द दिला होता की तुला सांगणार नाही. तो आज मोडतो आहे. मी मशीनला दोष देऊन त्यांना पाण्यावरून काढायला गेलो. मशीन दुरुस्त झाली.

वहिनीकडून फोन करवणार होतो. पण ती ओरडून बोलणार आणि फोन तूच उचलशील याची खात्री नाही. पाकीट पिंटूच्या हातात स्वतः देतोय, तुझ्याशिवाय कोणाला द्यायचं नाही असं त्याच्याकडून वदवून घेतलं आहे. तरी रविवारी पहिल्या बसने मी येतो. तलावावरच येतो.

दादा

*

जरीपटका
१ नोव्हेंबर २०२५

दादा,

पिंटूने पाकीट आज सकाळी दिलं. दारात उभा राहिला, मी फोडेपर्यंत हलला नाही. "भैय्याजी म्हणे, वाचून होऊ दे मगच जाजो," म्हणाला.

उद्या ये. पण तलावावर नको, घरी ये. सोनिका घरीच असेल. ती कुठेही बसणार नव्हती. वाढदिवस खरा आहे, खीर खरी आहे, बाकी सगळं मी तुला खोटं लिहिलं. तिला मी त्या मशीनवर ऑगस्टपासून पाय ठेवू दिलेला नाही.

मला माहीत होतं, दादा. त्या सकाळी मी खिडकीत होते. मशीन सरळ चालली होती, वळायच्या जागी वळली नाही, दगडांकडे गेली आणि आडवी झाली. मग तिचं पोट वर दिसलं आणि बाजूला नारिंगी जॅकेट. मी काठापर्यंत पळाले तेव्हा त्यांचा हात हलला. ते वर येईपर्यंत मी परत खिडकीत येऊन बसले. ते आले, वेली म्हणाले, मी टॉवेल दिला. उन्हाळ्यात ताट पडलं तेव्हाही मी पाहिलं होतं. त्यांनी सांगितलं, हाताला मुंग्या आल्या. मी म्हटलं, येतात कधी कधी.

तेलात चमक दिसली तेव्हा मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. मला वाटलं, सापडलं. इंजिन जाम झालं, त्याने फेकलं, माणूस चांगला आहे, मशीन नासकी आहे. तुझ्याकडून तेवढंच लिहून हवं होतं. तू घासणी म्हणालास तेव्हा मी ती वाटी हातात धरून रडले.

मग तुझं ३ ऑक्टोबरचं पत्र आलं. त्यात तवा नव्हता, वहिनी नव्हती, मला एक शिवी नव्हती. पिंटूने त्याच दिवशी विचारलं, ताई, आधीचं पाकीट मिळालं ना? आणि दीक्षाभूमीवर दरवर्षी आपण ज्या पुस्तकांच्या स्टॉलपाशी भेटतो तिथे आम्ही सोनिकाचे पाय दुखेपर्यंत उभे होतो. तू आलाच नव्हतास. तेव्हा कळलं की तुलाही कळलं आहे. मी वाट पाहिली. मग सरळ विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. तू मला बेअरिंग मुरवायला सांगितलंस.

म्हणून मी सोनिकाचं नाव लिहिलं. चुंबक धरून पाहिलं, हलतं का.

दोनच दिवसांत तू उत्तर लिहिलंस. एवढ्या लवकर तुझं पत्र कधीच आलेलं नाही. दादा, मी भांडायला लिहीत नाही. पण सुट्यांत रोज लोकांची लेकरं त्यांच्या पुढ्यात बसून बांधापर्यंत जाऊन आली. तुला माहीत होतं, मी लिहिलंही होतं. एक मुलगी चष्मा सांभाळायला माझ्याकडे देऊन गेली होती, ती परत येईपर्यंत मी तो चष्मा मुठीत धरून बसले होते. आणि तिकीट मीच फाडलं होतं. तेव्हा तुला काय म्हणू?

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते खाटेवर बसले होते. आधी म्हणाले, "भैय्याजीनं शब्द मोडला?" मी म्हटलं, सोनिकासाठी मोडला. मग म्हणाले, "तू खरंच तिले बसवणार होती का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुले पहिलेपासून माहीत होतं." मी मान हलवली.

"मग दुसऱ्याच्या लेकरायले काहून बसू देलं वं?"

उत्तराची वाट न पाहता पुढे म्हणाले, "मी तर बसवतच होतो. मी कोणाले विचारून राहिलो." आणि रडले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं.

सोमवारी मी मधुकररावांकडे जाऊन सगळं सांगणार आहे. ते दुसरा ड्रायव्हर ठेवतील. मलाही खिडकीत ठेवतील की नाही, सांगता येत नाही. हे तू सांगू नको, मी स्वतः सांगतो, असं सोनिकाचे बाबा म्हणताहेत. पण सकाळपासून तीनदा चप्पल घातली आणि तीनदा काढली. उद्या तू आलास की त्यांच्याशी बोल. ओरडून बोललास तरी चालेल, आता गल्लीला कळलं तर कळू दे.

पिंटू दुपारच्या फेरीला परत निघतो आहे, त्याच्या हाती बाटली देते. तीच, उकळलेली. त्यात तेल नाही. मघाशी सोनिकाचे बाबा तलावावर जाऊन आले आणि मनगटावरची लाल दोरी काढून स्वतः त्या बाटलीत भरली. मधुकरराव दुसरी मागवतील, ते आम्हालाही कळतं. पण ही तुझ्यापाशी राहू दे. झाकण मी लावते म्हटलं तर त्यांनी लावू दिलं नाही. त्यांनीच लावलं आहे, फार घट्ट. उघडू नको.

प्रेमिला